बचाव-प्रशिक्षकाचा पेशा आणि बड फॉस्टर

अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलमध्ये ‘डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर’, म्हणजे बचावाची सगळी आखणी करणारा आणि सामना चालू असताना दर वेळी संघाची मांडणी ठरवून देणारा सहायक प्रशिक्षक, हे पद आज अपरिहार्य वाटत असले, तरी ते खेळाच्या ओघात आपोआप निर्माण झालेले नाही. त्याचे मूळ खेळाडू बदलण्याच्या नियमात आहे. लंबगोल चेंडूच्या या खेळात चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, अन्यथा चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. जुन्या नियमांनुसार मैदानाबाहेर गेलेल्या खेळाडूला लगेच परतता येत नसे. त्यामुळे तेच अकरा जण चढाईही करीत आणि बचावही, आणि निव्वळ बचाव शिकवणाऱ्या माणसाची कोणाला गरज भासत नसे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, 1941 मध्ये, हा नियम सैल करण्यात आला. 1945 मध्ये मिशिगन विद्यापीठाचे प्रशिक्षक फ्रिट्झ क्रिसलर यांनी लष्करी अकादमीच्या बलाढ्य संघासमोर चढाईसाठी एक तुकडी आणि बचावासाठी दुसरी, अशी विभागणी केली; तो सामना त्यांनी गमावला, पण कल्पना टिकली. खर्च वाढतो या कारणावरून 1953 मध्ये ती मोडीत काढली गेली, आणि 1964-65 च्या सुमारास नियम पुन्हा मोकळे झाल्यावरच तिला कायमचे स्थान मिळाले. बचावाची तुकडी वेगळी झाली, तेव्हा तिचा गुरूही वेगळा झाला. तथापि हे पद बहुतेकांच्या दृष्टीने मुख्य प्रशिक्षकपदाकडे जाणारी एक पायरीच राहिले. उत्कृष्ट सहायकाला 1996 पासून दिला जाणारा ब्रॉयल्स पुरस्कार मिळवणाऱ्यांची यादी पाहिली, तर त्यांतील अनेक जण पुढे मुख्य प्रशिक्षक झालेले दिसतात. अलाबामाचे बचाव-प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांना तो 2009 मध्ये मिळाला आणि काही वर्षांनी जॉर्जिया विद्यापीठाची धुरा त्यांच्याकडे गेली. 2006 चे मानकरी बड फॉस्टर मात्र होते तिथेच राहिले, आणि म्हणूनच या पेशाचा अभ्यास करण्यासाठी त्यांची कारकीर्द विशेष उपयोगी ठरते.

केंटकी राज्यात 1959 मध्ये जन्मलेले फॉस्टर मरे स्टेट विद्यापीठाकडून खेळले. त्याच काळात फ्रँक बीमर तेथे बचाव-प्रशिक्षक होते आणि नंतर मुख्य प्रशिक्षक झाले. 1987 मध्ये बीमर व्हर्जिनिया राज्याच्या डोंगराळ नैर्ऋत्य भागातील ब्लॅक्सबर्ग या गावी, व्हर्जिनिया टेक विद्यापीठात आले, तेव्हा त्यांनी फॉस्टर यांनाही सोबत आणले. आरंभीची वर्षे खडतर गेली. 1992 मध्ये संघाला दोनच विजय मिळाले, आठ सामने हातचे गेले आणि एक बरोबरीत सुटला; त्यानंतर बीमर यांनी सहायकांमध्ये फेरबदल केले आणि बचावाची पद्धतही बदलली. नव्या पद्धतीत आठ जण चेंडूजवळ आणि तिघे मागे उभे राहत, म्हणजे प्रतिपक्षाला धावत पुढे जाण्याची वाट जवळजवळ बंद होई आणि मागच्या तिघांवर लांब फेकी अडवण्याचा जोखमीचा भार पडे. या रचनेतील ‘व्हिप’ आणि ‘रोव्हर’ या जागा धावपटूला आडवे पाडणे व फेकीचा पाठलाग करणे, ही दोन्ही कामे जमणाऱ्या चपळ खेळाडूंसाठी होत्या. आडदांड देहापेक्षा वेगाला महत्त्व देण्याची ही दृष्टी त्या काळी सर्वमान्य नव्हती.

1995 मध्ये फॉस्टर आणि रॉड शार्पलेस यांच्याकडे बचावाची संयुक्त जबाबदारी आली आणि पुढच्या वर्षापासून ती एकट्या फॉस्टर यांची झाली. 1995 च्या त्या पहिल्याच मोसमात ‘लंच पेल’ अवतरला: खाणकामगार जेवण नेण्यासाठी वापरत तसला धातूचा, ओबडधोबड डबा. मोसमाची उद्दिष्टे आणि येत्या सामन्याची सूत्रे लिहिलेले कागद त्यात ठेवले जात आणि बचावपटू तो सरावाला व सामन्याला बरोबर नेत. व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्येकडील कोळसा-पट्ट्यातील कष्टकऱ्यांचे प्रतीक म्हणून त्याचा गौरव होत असला, तरी तो डबा मुळात न्यू जर्सीतील मर्सरविलच्या एका खाणकामगाराचा असून शार्पलेस यांच्या सासूबाईंनी मिळवून दिलेला होता. प्रतीकांच्या बाबतीत असे नेहमीच घडते, आणि त्याने त्यांचे काम अडत नाही. त्या मोसमातले पहिले दोन्ही सामने हरलेल्या संघाने पुढचे नऊ जिंकून 31 डिसेंबर 1995 रोजी शुगर बोल या मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्यात टेक्सासला 28-10 असे नमवले. 1999 मध्ये नियमित मोसमात अपराजित राहून संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला. तेथे फ्लोरिडा स्टेटने त्याला 46-29 असे हरवले.

फॉस्टर यांच्या विचारसरणीचे सर्वांत बोलके उदाहरण 6 सप्टेंबर 2014 रोजी ओहायो स्टेटच्या मैदानावर पाहायला मिळाले. प्रतिपक्षाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू घेऊन चढाई चालवणारा खेळाडू, नवखा होता. हे ओळखून फॉस्टर यांनी ‘बेअर’ नावाची मांडणी लावली, जिच्यात चढाईच्या फळीतील मधल्या तिघांसमोर प्रत्येकी एक बचावपटू उभा ठाकतो. त्यांनी बहुतेक माणसे पुढे आणली आणि मागे राखणदार जवळजवळ ठेवलेच नाहीत. एकही फेक निसटली तर गुण गेलेच, असा हा जुगार होता. ओहायो स्टेटच्या 29 फेकींपैकी 9 च झेलल्या गेल्या, तीन व्हर्जिनिया टेकने हिसकावल्या आणि क्वार्टरबॅक सात वेळा चेंडूसह पाडला गेला. व्हर्जिनिया टेकने 35-21 असा जिंकलेला तो सामना ओहायो स्टेटचा त्या मोसमातील एकमेव पराभव ठरला. पुढे राष्ट्रीय विजेता तोच संघ झाला.

मात्र याच काळात चढाईचे संघ खेळाडूंना मैदानाच्या संपूर्ण रुंदीभर पसरवून, दोन प्रयत्नांमध्ये उसंत न देता खेळू लागले होते. आठ जणांना जवळ गोळा करणाऱ्या बचावाला त्यांनी बाहेर खेचले, आणि व्हिपच्या जागी अनेकदा फेकी अडवणारा जादा खेळाडू उतरवावा लागे. 2015 अखेर बीमर निवृत्त झाले. नवे मुख्य प्रशिक्षक जस्टिन फुएंटे यांनी फॉस्टर यांना कायम ठेवले, ही या अस्थिर पेशातील दुर्मीळ बाब होय, कारण मुख्य प्रशिक्षकाबरोबर सहायकांनीही गाशा गुंडाळायचा, हाच तेथला रिवाज आहे.

2019 चा मोसम आपला शेवटचा असेल, असे फॉस्टर यांनी आधीच जाहीर केले होते. त्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या बचावाने जॉर्जिया टेक व पिट्सबर्ग यांना एकही गुण मिळू दिला नाही. 31 डिसेंबरच्या बेल्क बोलमध्ये गाठ पडली ती त्यांच्या जन्मराज्याच्या केंटकी विद्यापीठाशी, ज्याने दुखापतींमुळे लिन बाउडेन या मूळच्या झेल घेणाऱ्या खेळाडूला क्वार्टरबॅक केले होते. केंटकी धावणार, हे सर्वांना ठाऊक असूनही बाउडेनने एकट्याने 233 यार्ड धाव काढली. आणि शेवटची 15 सेकंद उरली असता, ज्या फेकीची त्याच्याकडून कोणी फारशी अपेक्षा केली नव्हती, तीच त्याने टाकून सामना फिरवला; केंटकीने तो 37-30 असा जिंकला. फॉस्टर यांच्या जागी विद्यापीठाने जस्टिन हॅमिल्टन यांना नेमले. ते त्यांच्याच हाताखाली खेळून तयार झालेले होते.