‘पूर्वापार’ म्हणजे नक्की कधीपासून?

महाडकर, पोलादपूरकर मंडळी, पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका एवढी विनंती.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला ‘उपसंस्कृती’ या विषयावर प्रकल्प होता. नेमलेल्या वाचनातली बहुतेक उदाहरणं इंग्लंडची. सत्तरच्या दशकातली पंक पोरं, त्यांचे उभे केस, जॅकेटला टोचलेल्या सेफ्टी पिना. डिक हेब्डिज या अभ्यासकाचं १९७९ सालचं पुस्तक त्यावरच आहे, आणि ते वाचायला खरंच मजा येते. पण वाचताना सारखं वाटत होतं की असलं काहीतरी मी लहानपणापासून दरवर्षी बघत आलेय. २० मार्चला, चवदार तळ्यावर. निळे झेंडे, पांढरे कपडे, रस्त्याकडेला पुस्तकांचे ढीग, दहा-वीस रुपयांच्या गाण्यांच्या पुस्तिका, चार स्पीकरवर एकाच वेळी चार गाणी. ज्यांचे स्वतःचे गायक, स्वतःचे प्रकाशक, स्वतःचे सण आहेत असं एक अख्खं जग, आणि बाहेरच्याला त्यातल्या एका शाहिराचं नाव विचारलं तर सांगता येणार नाही. आमचं जुनं घर तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. आणि तरी मी बाहेरचीच होते.

तर विषय ठरला : महाड-पोलादपूर भागातले भीमगीतांचे शाहीर आणि त्यांच्या वह्या.

पहिल्याच मुलाखतीत विषयाच्या नावाचा निकाल लागला. पोलादपूरकडच्या एका वाडीत सत्तरी ओलांडलेले एक शाहीर काका राहतात. त्यांचे वडीलही गायचे. मी मोठ्या उत्साहाने प्रकल्प समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘उप म्हंजे? उपसरपंच असतो तसं?’’ मी म्हटलं, हो काका, साधारण तसंच. ‘‘मग सरपंच कोण?’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्रकल्पात तो शब्द ठेवावाच लागला, पण तेव्हापासून लिहिताना तो बोचतोच.

काकांकडे वडिलांच्या हातची एक वही होती आणि पत्र्याच्या पेटीत तीसेक छापील पुस्तिका. आता या पुस्तिकांची गंमत अशी की बहुतेकांवर साल नाही. छापणाऱ्याला घाई, विकत घेणाऱ्याला गाणं हवं, साल कोणाला हवंय? मग ते शोधायचं कसं? हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही, पेटी पुढ्यात घेऊन बसल्यावर हळूहळू सुचत गेलं. किंमत आण्यात असेल तर पुस्तिका साधारण १९५७ च्या आधीची, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ असं छापलेलं असेल तर १९५७ ते ६४ च्या आसपासची. पत्त्यात ‘जिल्हा कुलाबा’ असेल तर बहुधा १९८१ च्या आधीची, कारण रायगड हे नाव तेव्हा मिळालं. आणि सुरुवातीला बुद्धवंदना असेल तर बहुतेक १४ ऑक्टोबर १९५६ नंतरची. यातलं एकटं काहीच पक्कं नाही. दुकानदार जुना साठा नव्या किमतीचा शिक्का मारून विकतो, आणि रायगड झाल्यावरही कुलाबाच लिहिणारे आमच्या आळीत अजून आहेत. पण दोन-तीन खुणा जुळल्या की दशक तरी हाती लागतं.

एवढं जमल्यावर मी जरा शेफारले. वहीतलं सगळ्यात मोठं गाणं चवदार तळ्याचं. त्यात बाबासाहेब तळ्याचं पाणी पितात आणि त्याच दिवशी मनुस्मृती जाळतात. इतिहासात या दोन घटनांमध्ये नऊ महिन्यांचं अंतर आहे. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्च १९२७ ला झाली, २० तारखेला लोक तळ्यावर गेले. मनुस्मृतीचं दहन २५ डिसेंबर १९२७ चं, दुसऱ्या परिषदेतलं. शिवाय गाण्यात लोक लाखाने आलेत, आणि मार्चच्या परिषदेचे आकडे काही हजारांतले आहेत. मी पहिल्या मसुद्यात सरळ लिहून टाकलं : ‘सदर गीत ऐतिहासिक साधन म्हणून अविश्वसनीय.’ लिहिताना फार बरं वाटलं होतं.

त्याच गाण्याच्या शेवटी गावांची लांबलचक यादी आहे. कुठून कुठून लोक तळ्यावर चालत आले त्याची. मला वाटलं, चला, बाकी गाणं चुकलं असलं तरी ही यादी खरी असेल, कोणाच्या तरी आठवणीतली. मी गावं नकाशावर मांडायला घेतली. मग लक्षात आलं की यादीतली शाई बदलतेय. आधी निळी, मग काळी, मग बॉलपेन. काकांना विचारलं तर हसले. ‘‘अगं पोरी, ज्या गावात कार्यक्रम, त्या गावाचं नाव टाकायचं. नायतर लोक म्हंतात, आमचं गाव कुठाय?’’

म्हणजे ती यादी १९२७ ची हजेरी नाहीच. वडील आणि मुलगा मिळून पन्नास वर्षं कुठे कुठे गायला गेले त्याची ती हजेरी आहे. आणि माझा प्रकल्प कशावर होता? शाहिरांवर! मी ज्या पानाला अविश्वसनीय म्हणत होते, त्यात माझ्या प्रश्नाचं उत्तर गावनिहाय, क्रमाने, शाईसकट लिहून ठेवलं होतं. फक्त मी त्याला भलताच प्रश्न विचारत होते.

आता छापील साधनांकडे येते, कारण ‘छापलेलं म्हणजे खरं’ हा रोग मलाही होता. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांच्या हातात स्वतःचं वर्तमानपत्र नव्हतं. ‘मूकनायक’ केव्हाच बंद पडलेलं, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला. मधले दोन आठवडे महाडात काय झालं हे छापायची सोय दुसऱ्यांकडेच होती. परिषदेच्या आयोजनात राबलेले आपल्या तालुक्यातले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्या आठवणी फार मोलाच्या आहेत, पण त्या खूप नंतर लिहिलेल्या. त्या वाचल्या की कळतं की हे काम मुंबईहून आलेल्या नेत्यांनी आयतं येऊन केलं नव्हतं, दासगावपासूनच्या गावागावांतल्या माणसांनी ते उभं केलं होतं. आनंद तेलतुंबडे यांचा महाडवरचा मोठा इंग्रजी ग्रंथ २०१६ चा. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर वाचावा.

फॉरवर्डांचं काय सांगावं! ‘माझी दहा भाषणं आणि शाहिराचं एक गाणं बरोबरीचं’ अशा अर्थाचं वाक्य बाबासाहेबांच्या नावाने दर मार्चला येतं. कधी ते भीमराव कर्डकांच्या जलशाबद्दल असतं, कधी वामनदादा कर्डकांच्या गाण्याबद्दल. दोघेही नाशिककडचे, आडनाव एक, माणसं वेगळी. भीमराव जलशांच्या सुरुवातीच्या काळातले, त्यांनी पुढे जलशांवर पुस्तकही लिहिलं. वामनदादांचा जन्मच १९२२ चा. वाक्य फिरवताना निदान कोणते कर्डक ते तरी बघत जा.

दुसरा लाडका फॉरवर्ड कोर्टाचा. ‘हायकोर्टाने तळं सर्वांना खुलं करून अस्पृश्यता बेकायदा ठरवली.’ मीही प्रकल्पात हेच लिहिणार होते. मग निकाल वाचला. नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर, मुंबई उच्च न्यायालय, १७ मार्च १९३७. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या कोर्टात दावा लागला, तिथून अपिलात ठाण्याला, तिथून मुंबईला. दहा वर्षं चाललं. तळं नगरपालिकेचं होतं. कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव १९२३ ला झाला, त्यानंतर १९२४ मध्ये नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला, आणि मार्चच्या प्रकारानंतर ऑगस्ट १९२७ मध्ये तोच मागे घेतला. दावा करणाऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं : अस्पृश्यांनी या तळ्याला शिवायचं नाही, ही वहिवाट पूर्वापार आहे.

कोर्टाने विचारलं, पूर्वापार म्हणजे कधीपासून? पुरावा काय? साक्षीदाराची आठवण त्याच्या हयातीपुरती. त्याच्या मागचं कोण सांगणार? अनादी काळापासूनची वहिवाट शाबीत झाली नाही, म्हणून अपील फेटाळलं. आणि ती शाबीतच न झाल्यामुळे अशी वहिवाट न्याय्य आहे की अन्याय्य, यात जाण्याची गरज कोर्टाला उरली नाही. निकाल एवढाच आहे. फॉरवर्डपेक्षा बराच अरुंद. पण मला तो जास्त जबरदस्त वाटतो. ज्या एका शब्दावर सगळा डोलारा उभा होता, त्याच शब्दाचा पुरावा मागितला आणि तो देता आला नाही.

निकाल वाचला त्या रात्री मी घरात तोच प्रश्न विचारला, आणि हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

आमच्याकडे १९२७ ची एक गोष्ट आहे. लहानपणापासून ऐकलेली. ‘दंगा बाहेरगावच्या लोकांनी केला, आपल्या आळीतलं कोणी त्यात नव्हतं. उलट आपल्याच लोकांनी त्यांना साथ दिली.’ साथ देणारे होते, हे खरंच आहे. नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही नावं कोणी पुसू शकत नाही. पण आमच्या घरात तीन नावं घेऊन विषय संपतो. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून परिषदेच्या मांडवावर लाठ्या घेऊन कोण गेलं, परतीच्या वाटेवरच्या लोकांना कोणी मारलं, हे त्या गोष्टीत येतच नाही.

आजीला विचारलं, तू हे कोणाकडून ऐकलंस? आजीचा जन्म १९४४ चा. ती म्हणाली, माझ्या सासूबाईंकडून, त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग बाबांकडची जुनी कागदपत्रं काढली. पणजी लग्न होऊन महाडात आली १९३२ ला. म्हणजे तिनेही पाहिलेलं नव्हतं. ‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हणत चार पिढ्या चालत आलेली गोष्ट, आणि तिच्या टोकाला बघणारं कोणीच उभं नाही.

पण आजीच्या बोलण्यात एक वाक्य नेहमी यायचं, ज्याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. ‘मग तळं धुवून घेतलं.’ मी विचारलं, आजी, चार-पाच एकरांचं तळं धुतात कसं? ती थांबली. मग म्हणाली, ‘‘अगं, गोमूत्र-बिमूत्र घालून करतात ना, तसं.’’ एकशेआठ घागरींनी पाणी काढून, पंचगव्य टाकून, मंत्र म्हणून तळ्याची शुद्धी झाली हे पुस्तकांत आहेच. पण आमच्या घरातल्या इतक्या जपून सांगितलेल्या गोष्टीत तो एक शब्द राहून गेला होता. शुद्धीचा ‘धुणं’ झाला, पण गेला नाही. आणि बाहेरगावच्यांनी केलेल्या दंग्यासाठी आमच्या आळीने तळं का धुवावं?

बाबांचं म्हणणं, प्रकल्पात लिही, पण फेसबुकवर कशाला. आजी दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःहून म्हणाली, ‘‘लिही. पण मी वाईट हेतूने सांगितलं नव्हतं हेही लिही.’’ लिहिलं, आजी.

शाहीर काकांच्या गाण्यात तारखा चुकल्या, तर मी एका ओळीत अविश्वसनीय ठरवून मोकळी झाले होते. आमच्या घरातल्या गोष्टीला मात्र तपासायचं असतं हे सुचायलाही हायकोर्टाचा निकाल लागला. त्या पहिल्या मसुद्याची मला अजून लाज वाटते.

आता मुद्द्याचं. काकांची ती वही आज पूर्ण नाही. त्यांनी ती झेरॉक्ससाठी शहरातल्या नातेवाइकांकडे ठेवली होती, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात ते घर पहिल्या मजल्यापर्यंत पाण्यात होतं. चिखलातून काढून वाळवली तेव्हा पानं चिकटलेली, निळी शाई बऱ्याच ठिकाणी वाहून गेलेली. मी बघितलेली गावांची यादी ही वाचलेल्या पानांपैकी. अशा वह्या या दोन तालुक्यांत आणखी असणार, माळ्यावर, पेटीत, देव्हाऱ्याशेजारी. २० मार्च २०२७ ला शंभर वर्षं होतील. भाषणं, कमानी, पुतळ्यांना रोषणाई सगळं होईलच. सावित्री आणि गांधारीला मात्र शताब्दी कळत नाही, त्या आपल्या वेळेला येतात.

तुमच्याकडे अशी वही, पुस्तिका, जलशाचं हँडबिल असेल तर कळवा, मी घरी येते. वही नेणार नाही, तिथेच बसून फोटो काढीन. तोपर्यंत एवढंच करा : लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, आणि फोटो काढलात तर कव्हर, मागचं पान, कोरी पानं, समासातले हिशेबसुद्धा घ्या. नुसतं गाणं नको. समासात दुसऱ्या शाईने काय लिहिलंय तेच बहुधा मला हवं असतं.

काका सध्या आठवून आठवून नवी वही लिहून काढतायत. परवा फोन आला. म्हणाले, यादीत तुझ्या आळीचं नाव टाकू का? मी म्हटलं, काका, आधी आमच्या आळीत कार्यक्रम तर होऊ दे.