जपानी गृहिणींची कुपने

मीठ-मिरचीवाचून जसे आपले पान वाढले जात नाही, तसे जपानी घरात शोयू आणि मिसो यांच्यावाचून जेवण होत नाही. शोयू म्हणजे सोयाबीन, गहू व मीठ आंबवून काढलेला काळसर रस. मिसो हा सोयाबीनचाच आंबवलेला खारट लगदा. त्याचे सार भाताबरोबर घेतात.

१९३७ साली जपानचे चीनशी युद्ध जुंपले आणि हळूहळू टंचाई आली. १९४० साली साखर व काड्यापेट्या चिठ्ठीवर मिळू लागल्या. फेब्रुवारी १९४२ पासून मिसो आणि शोयूही चिठ्ठीवर आले. सुमारे दहा घरांची एक शेजारसमिती असे, तिला ‘तोनारीगुमी’ म्हणत. वाटप तिच्यामार्फत चाले. पदरी पैसा असला तरी चिठ्ठीवाचून बाटली रितीच राही. मोजून आणणे आणि पुरवून वाढणे बायकांच्याच वाट्याला आले. १९४५ साली युद्ध संपले, पण शोयूवरचे नियंत्रण उठायला १९५० साल उजाडले.

मात्र या हालांत बायका एकत्र यायला शिकल्या. १९४८ साली न पेटणाऱ्या काड्यापेट्या घेऊन टोकियोच्या गृहिणी सभेला जमल्या आणि त्या बदलून मागितल्या. त्यातूनच ओकू मुमेओ या बाईंच्या पुढाकाराने गृहिणींचा संघ उभा राहिला. त्याचे चिन्ह भातवाढी!

पुढे १९६० साली निराळेच कूपन निघाले. मालाच्या वेष्टनावर घंटेचे लहानसे चिन्ह छापलेले असे. क्यूपी मेयोनीजवरही ते असे. गृहिणी ते कापून ठेवीत, मुले शाळेत नेत आणि आया एकत्र बसून कंपनीवार निवडून मोजीत. एका गुणाला एक येन, या हिशेबाने शाळेसाठी साहित्य घेता येई. शिवाय खरेदीच्या दहाव्या हिश्शाइतकी रक्कम दुर्गम भागांतील व अडचणीतील शाळांच्या मदतीस जाई.

भगिनींनो, पहिली चिठ्ठी सरकारने दिली. तिने किती खायचे ते ठरवले. दुसरी गृहिणींनी स्वतः कापली. तिने शाळेला काय घ्यायचे ते त्यांनी ठरवले. एका घंटेची किंमत ती काय, एक-दोन येन! एका घरात ती कचऱ्यात जाते. शंभर घरांची मिळून वर्गात पुस्तके येतात. काटकसर घरची असली, तरी तिला बरकत येते ती चारचौघींनी मिळून मोजल्यावरच.