धसकटांचा धूर

चैत्र-वैशाखात रानातली धसकटे वेचायची, ढीग लावायचा आणि सांजवेळी वारा पडला की पेटवून द्यायचा, ही हिंगोलीच्या काळ्या जमिनीतली जुनी रीत. निजामाच्या राज्यात ती होती, परभणी जिल्ह्यात असताना होती आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाल्यावरही राहिली. बदलला तो जळणारा माल. पऱ्हाट्या आणि तुराट्या एके काळी ढिगात टाकण्याची वस्तू नव्हती. चुलीला त्याच, घराच्या कुडालाही त्याच. आगीत जाई तो ज्वारीच्या धसकटांचा आणि काडीकचऱ्याचा उरलासुरला भाग. पुढे पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणाचे पाणी कालव्यांनी वसमतकडे आले, ऊस वाढला आणि पाचट पेटू लागले. घरोघरी गॅस आला तशा पऱ्हाट्याही धुऱ्यावर पडून राहू लागल्या.

काडी मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन यांची बनलेली असते. मोकळ्या ज्वाळेत तिचा बराचसा कार्बन डायऑक्साइड होतो. धुमसणाऱ्या ढिगातून मात्र कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड आणि लिग्निन तुटून झालेली फिनॉलवर्गीय संयुगे निघतात. धुराचा ओळखीचा वास बराचसा या फिनॉलांचा. धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड येतात ते प्रामुख्याने काडीतल्याच नत्रापासून, कारण हवेतला नायट्रोजन तोडण्याइतकी शेतातली आग तापत नाही. पिकाने जमिनीतून उचललेले नत्र असे हवेत जाते, आणि पुढची बहुतेक रासायनिक उलथापालथ तेच घडवते.

दिवसा पेटवलेल्या ढिगाच्या धुरातले नायट्रस आम्ल उन्हात काही मिनिटांतच फुटते आणि हायड्रॉक्सिल मूलक मोकळे होते. हे मूलक समोर येईल त्या सेंद्रिय वायूला ऑक्सिडाइज करते. त्या साखळीत नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, ऊन त्याला तोडते आणि सुटलेल्या ऑक्सिजन अणूपासून ओझोन बनतो. लॉस एंजेलिसच्या धुरक्यात हीच क्रिया हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकात उलगडली होती. पण ती गाड्यांच्या धुराची गोष्ट होती. गवत, जंगल आणि शेत जळण्याचाही जगाच्या हवेत मोठा वाटा आहे, हे पॉल क्रुट्झेन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडले.

काही नत्र पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट या संयुगात अडकते. हिंगोलीच्या चाळिशीपार उन्हात जमिनीलगत ते टिकत नाही, लवकर फुटते. उंच, थंड हवेत पोचले तर दूरवर जाते आणि तिथे खाली उतरून तापले की नत्र पुन्हा सोडते. म्हणून ओझोन ढिगापाशी नव्हे, कित्येकदा लांबच्या गावावर वाढतो.

सांजवेळच्या धुराची वाट निराळी. अंधारात हायड्रॉक्सिल जवळजवळ नसतो. ओझोन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांपासून नायट्रेट मूलक बनते. ते फिनॉलांवर तुटून पडते आणि पिवळसर-तपकिरी नायट्रोफिनॉले तयार होतात. ती सूक्ष्म कणांत बसतात, सूर्यप्रकाश शोषतात आणि श्वासातून छातीत जातात. रात्री थंड हवा खाली दबलेली असल्याने हा धूर गावावरच रेंगाळतो. वारा पडल्यावर पेटवण्यात आग आवरण्याचा शहाणपणा आहे; धुराच्या दृष्टीने मात्र तीच वेळ वाईट.

धूर दिसेनासा झाला तरी त्यातला कार्बन मोनॉक्साइड महिना-दोन महिने हवेत असतो. ढिगाच्या जागी उरलेल्या राखेत पालाश सापडतो; नत्र जवळजवळ सापडत नाही.