हजेरीपटाची कुळकथा

दादरच्या एखाद्या जुन्या मराठी शाळेचे हजेरीपट समोर मांडले आणि त्यांवरील साल झाकून टाकले, तरी नुसत्या नावांच्या आधारे जाणता मनुष्य प्रत्येक वर्गाचा काळ पाचदहा वर्षांच्या फरकाने सांगू शकेल. केशव, वामन, दत्तात्रेय, गजानन यांनी बाके भरलेली असतील तर तो वर्ग पहिल्या महायुद्धाच्या आगचामागचा. अशोक, विजय, दिलीप, सुभाष आणि पलीकडच्या रांगेत उषा, लता, नलिनी, मंगला असतील, तर ती मुले स्वातंत्र्याच्या आसपास जन्मलेली. आणि सचिन, राहुल, संदीप, अमोल यांची गर्दी दिसली, तर तो जमाना १९७० नंतरचा. आमच्या वर्गात ‘अशोक’ अशी हाक आली की निरनिराळ्या बाकांवरून माना वळत, म्हणून गुरुजी मुलांना आडनावानेच पुकारीत; आणि आडनावही सारखेच निघाले, तर ‘थोरला कुलकर्णी’ व ‘धाकटा कुलकर्णी’ असा तोडगा निघे. नावावरून जन्मकाळ ओळखू यावा, ही गोष्ट मात्र फारशी पुरातन नव्हे. पूर्वी नाव कुळ सांगत असे. ते साल केव्हा सांगू लागले, याचा हा शोध आहे.

जुन्या व्यवस्थेत नाव निवडण्याचा अख्त्यार आईबापांकडे नव्हताच. अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी रचलेल्या ‘धर्मसिंधू’त नावाचे चार प्रकार सांगितले आहेत: देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम. यांपैकी पहिली तीन देव, महिना व नक्षत्रचरण हेच ठरवून टाकीत, आणि चौथ्यावर बहुधा आजोबांचा हक्क असे. ब्राह्मण घरांत संध्येच्या आरंभी ज्या चोवीस नावांचा उच्चार होतो, त्या केशव-नारायण-माधव-गोविंदांच्या यादीतूनच पुरुषांची निम्मीअधिक नावे उचललेली दिसतात. आणि आजाचे नाव नातवाला ठेवावयाचे, या रिवाजामुळे तीच दोन नावे एका घरात पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येत. मराठी कादंबरीच्या वाचकाला तर हरि नारायण आपटे आणि नारायण हरि आपटे असे दोन कादंबरीकार लाभले, आणि त्यांच्यात घोटाळा होऊ नये म्हणून त्याला आजही क्षणभर थांबावे लागते. दरबारी घराण्यांत फारसीचा अंमल होता. हैबतराव, सर्जेराव, दौलतराव ही नावे तिकडून आली, आणि मालोजीराजांनी शाह शरीफ या अवलियाच्या नावावरून आपल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेविली.

या रिवाजातून एक मौजेची अडचण उद्भवली. सुनेने सासऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, हा दंडक. आणि पोराला तर सासऱ्याचेच नाव दिलेले! मग आईने त्याला हाक कशी मारावी? बाळ, बापू, नाना, भाऊ, तात्या, अण्णा या मराठी घरगुती नावांची जी प्रचंड शिबंदी आहे, तिच्या भरतीला ही अडचण बरीचशी कारणीभूत असावी. पुढे ही शिबंदी इतकी शिरजोर झाली की मूळ नावे मागे पडली. लोकमान्यांचे पाळण्यातले नाव केशव, परंतु जगाने ‘बाळ’ हेच ओळखले. पहिल्या बाजीरावाचे नाव विसाजी व चिमाजी आप्पाचे अंताजी, हे आज इतिहासाच्या अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक आहे?

स्त्रियांच्या नावांचा वृत्तांत निराळा. नक्षत्र, वृक्ष वा नदी यांचे नाव धारण करणाऱ्या कन्येशी विवाह करू नये, असा मनूचा निषेध आहे. परंतु महाराष्ट्राने तो बासनात बांधून ठेवला आणि घरोघर गोदावरी, कृष्णा, भागीरथी, यमुना नांदू लागल्या. हे नाव तरी मुलीकडे आयुष्यभर कोठे राहत होते? लग्नात तबकातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरचे नाव संपले. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुनाच. हरिभाऊंच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ची नायिकाही यमूच असावी, हे त्या नावाच्या सार्वत्रिकतेला शोभण्यासारखेच होते. आणि ज्या घरात मुले जगत नसत तेथे मृत्यूची नजर चुकविण्याकरिता धोंडू, दगडू, केरू, भिकू अशी नावे ठेवीत. त्या नावांत तुच्छता नव्हती, धास्ती होती.

ही व्यवस्था मोडली ती कोणी तिच्याविरुद्ध बंड पुकारल्यामुळे नव्हे, तर बिऱ्हाड बदलल्यामुळे. आणि म्हणूनच या कथेत दादरला मानाचे स्थान आहे. १८९६ च्या प्लेगानंतर मुंबई सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला, आणि दादर-माटुंग्याच्या शेतवाडीत रुंद रस्ते आखून वसाहती बसविण्यास प्रारंभ झाला. हिंदू कॉलनी उभी राहिली. पश्चिमेस १९२५ साली मोठे मैदान खुले झाले, आणि माहीम पार्क हे त्याचे नाव १९२७ साली नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने बदलून शिवाजी पार्क झाले. या नव्या इमारतींतील दोन-तीन खोल्यांच्या ब्लॉकांत राहावयास आली ती कचेरीत नोकरी करणारी तरुण जोडपी. आजोबा कोकणात किंवा देशावर राहिले, आणि त्यांचे पत्र येण्यापूर्वीच बारशाचा दिवस उजाडू लागला. आत्या बाळाच्या कानात नाव सांगे ते पूर्वीसारखेच. पण ते नाव आता आईने वाचनालयातून आणलेल्या पुस्तकातले असे.

पुस्तकेही त्याच सुमारास बदलत होती. वामन मल्हार जोशी यांची ‘रागिणी’ १९१५ ची, तर ‘इंदू काळे व सरला भोळे’ १९३४ ची. त्याच साली खांडेकरांची ‘उल्का’ निघाली. शीर्षकांवरूनच दिसते की नायिका नदीकाठ सोडून रागदारीत, चंद्रबिंबात आणि नभोमंडळात वावरू लागली होती. मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्यांबरोबर बंगाली नावांचे सुटसुटीत वळण येथे रुजले. रंगभूमीचा प्रताप तर सर्वश्रुत उदाहरणाने सिद्ध आहे: मास्टर दीनानाथांच्या थोरल्या कन्येचे नाव आरंभी हेमा होते, आणि ‘भावबंधना’तील लतिकेवरून ते लता झाले. पुढे बोलपटाने तीच कामगिरी अधिक जलद केली. गंमत अशी, की ज्या अशोककुमार व दिलीपकुमार यांच्या कीर्तीने घरोघर अशोक आणि दिलीप वाढले, त्या दोघांची ती जन्मनावे नव्हतीच. एक कुमुदलाल, दुसरे युसूफ. सुभाष हे नाव राजकारणातून आले, हे सांगावयास नको.

या सर्व नामांतरांत सर्वांत अर्थपूर्ण नामांतर दादरच्याच परिसराशी निगडित आहे. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘राजगृह’ हिंदू कॉलनीतले, आणि त्यांचा अंत्यसंस्कार ७ डिसेंबर १९५६ रोजी झाला तो दादरच्या चौपाटीवर. त्याआधी दोनच महिने, १४ ऑक्टोबरला, नागपूरला धर्मांतर झाले होते, आणि त्यानंतरच्या पिढीत सिद्धार्थ, गौतम, मिलिंद, राहुल, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा ही नावे निश्चयपूर्वक ठेवली गेली. इतरांनी हौसेने नावे बदलली. येथे ती स्वाभिमानाने बदलली. ‘बलुतं’ या १९७८ च्या आत्मकथनात दगडू मारुती पवार हा आपली कहाणी दया पवार याला सांगतो. एकाच मनुष्याच्या या दोन नावांमधले अंतर किती, हे त्या पुस्तकावाचून समजणार नाही.

यानंतर मैदान व संगीत यांचा शिक्का चालू लागला. दादरच्या कीर्ती कॉलेजात मराठीचे अध्यापन करणारे कवी रमेश तेंडुलकर यांनी, २४ एप्रिल १९७३ रोजी दादरच्याच एका शुश्रूषागृहात जन्मलेल्या धाकट्या मुलाचे नाव सचिनदेव बर्मन यांच्यावरून ठेवले. त्याच्या वडील भावंडांची नावे नितीन, सविता आणि अजित. या चार नावांत ना आजा आहे, ना ग्रामदैवत. परंतु मराठी मध्यमवर्गाची तीस वर्षे त्यांत सामावलेली आहेत. सुनील गावसकरांनी तर पुत्राच्या एकाच नावात रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ या तिघांना बसविले: रोहन जयविश्व.

आज आईबापांना कोणाचेच नसलेले नाव हवे असते. त्यासाठी कोश धुंडाळले जातात, आणि अखेरीस बालवाडीच्या एकाच वर्गात आरव, विहान, अद्वैत, आरोही यांच्या जोड्या जमतात. कारण सर्वांचे कोश एक, कान एक आणि हौसही एक. आजोबांच्या नावाची सक्ती गेली, तरी शेजाऱ्याच्या नावाची सक्ती राहिलीच. फरक एवढाच, की पहिली उघड होती आणि दुसरी आपल्याला स्वतःचीच निवड वाटते. या नवलाईच्या शोधात सतराव्या शतकातली सई परत आली, यमुना मात्र अजून दाराबाहेर उभी आहे. तेव्हा ज्यांच्या घरी लवकरच पाळणा हलणार आहे त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की नाव नक्की करण्यापूर्वी आपल्याच घराण्याची वंशावळ एकवार उघडून पाहावी. वर्गात दुसरे नसेल असे नाव बहुधा तेथेच सापडेल. आणि घाईही नाही, कारण शास्त्राने बारावा दिवस नेमला असला, तरी जन्मनोंदीच्या दप्तरात नाव दाखल करण्यास सरकार पंधरा वर्षांची मुदत देते.