सातशे खोक्यांतील साक्ष

हुकूमशाहीची सेवा करणाऱ्या कलावंताचे मूल्यमापन बहुधा कला आणि नीती यांच्या वादापाशी येऊन थांबते; परंतु जर्मन चित्रपट-दिग्दर्शिका लेनी रीफेनश्टाल (१९०२–२००३) हिला हा वादच सोयीचा ठरला, कारण त्याच्या आडोशाने तिने प्रत्यक्ष काय केले हा साधा प्रश्न बाजूला राहिला. आंद्रेस फायल यांचा ‘रीफेनश्टाल’ (२०२४) हा माहितीपट त्या प्रश्नाकडे परततो आणि त्यासाठी तिनेच जपून ठेवलेल्या सुमारे ७०० खोक्यांतील पत्रे, छायाचित्रे, आठवणींचे कच्चे खर्डे व दूरध्वनी-संभाषणांच्या ध्वनिफिती यांचा आधार घेतो.

१९३४ च्या न्युरेंबर्ग येथील नाझी पक्षमेळाव्यावर तिने केलेला ‘ट्रायम्फ डेस विलेन्स’ (१९३५) हा चित्रपट म्हणजे केवळ घडले तसे केलेली नोंद होती, असे ती आयुष्यभर सांगत राहिली. मात्र ध्वजस्तंभाला लिफ्ट बसवून तीतून वर-खाली फिरणारा कॅमेरा आणि चित्रीकरणाचा विचार करूनच आखलेला सोहळा पाहता हे म्हणणे टिकत नाही. युद्धोत्तर निर्नाझीकरणात, म्हणजे नाझी राजवटीशी असलेल्या संबंधांच्या चौकशीत, तिला ‘मिटलॉयफर’ अर्थात केवळ अनुयायी ठरवण्यात आले. या सौम्य शिक्क्याने तिच्या बचावाला अधिकृत आधार मिळाला.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडमधील कोन्स्किए गावी ज्यूंची हत्या झाली तेव्हा ती चित्रीकरण-पथकासह तेथे होती. आपण ती हत्या पाहिली नाही असे ती म्हणत असे. पण तिच्याच संग्रहातील, एका जर्मन लष्करी अधिकाऱ्याने युद्धानंतर लिहिलेल्या पत्रात असे नमूद आहे की, चित्रीकरणासाठी ज्यूंना तेथून हटवा ही तिची सूचना पुढे पोहोचली आणि त्यातून गोळीबार झाला. एका पत्राने गुन्हा सिद्ध होत नाही हे खरे, तरीही दिग्दर्शिकेच्या नेहमीच्या सूचनेला त्या गावात कोणता अर्थ येऊ शकत होता, हे त्यातून भयावहपणे कळते.

‘टीफलांड’ या चित्रपटाची कहाणी तर याहून अधिक स्पष्ट आहे. त्यात स्पॅनिश गावकरी म्हणून उभे केलेले रोमा आणि सिंती लोक, ज्यांत मुलेही होती, साल्झबुर्गजवळील माक्सग्लान व बर्लिनमधील मार्त्सान येथील छावण्यांतून आणले होते आणि चित्रीकरणानंतर त्यांतील अनेकांची रवानगी ऑश्वित्झला झाली. माहितीपटकार नीना ग्लाडिट्स यांनी त्यांतून जिवंत राहिलेल्यांच्या साक्षी आपल्या १९८२ च्या माहितीपटात मांडल्या, तेव्हा रीफेनश्टालने त्यांना न्यायालयात खेचले. न्यायालयाने बहुतेक विधाने ग्राह्य धरली, पण ऑश्वित्झविषयीचा एक दावा काढण्यास सांगितले, ग्लाडिट्स यांनी नकार दिला आणि तो माहितीपट दूरचित्रवाणी-संस्थेच्या संग्रहात बंद पडून राहिला. पुढे २००२ मध्ये रीफेनश्टालने या सर्व लोकांना आपण युद्धानंतर पुन्हा पाहिले, कोणालाही काही झाले नाही, असे मुलाखतीत सांगितले. कोलोनमधील रोमा संघटनेने कायदेशीर पाऊल उचलल्यावर ते विधान तिला लेखी मागे घ्यावे लागले.