ठरल्या तारखेच्या ११ दिवस आधी सुटलेली गोळी: कोप्रिवश्तित्साने बल्गेरियाचा स्वातंत्र्यलढा कसा पेटवला?

बल्गेरियाची राजधानी सोफियापासून साधारण ११० किलोमीटरवर, स्रेद्ना गोरा डोंगररांगेत कोप्रिवश्तित्सा नावाचं एक गाव आहे. लोकवस्ती जेमतेम दोन-अडीच हजार. निळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगांची जुनी घरं, दगडी फरसबंदीचे रस्ते आणि नदी-ओढ्यांवरचे छोटे पूल. यातल्या एका दगडी पुलाला लोक 'पहिल्या बंदुकीचा पूल' म्हणतात.

२० एप्रिल १८७६ रोजी याच पुलावर बल्गेरियाच्या 'एप्रिल उठावा'ची पहिली गोळी झाडली गेली. हा उठाव महिनाभरही टिकला नाही. तरीही त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत युरोपच्या नकाशावर बल्गेरिया पुन्हा दिसू लागला. हे कसं झालं?

उठावाआधी परिस्थिती काय होती?

चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून बल्गेरियावर ऑटोमन साम्राज्याची सत्ता होती, म्हणजे जवळपास ५०० वर्षं. एकोणिसाव्या शतकात बल्गेरियन भाषेतल्या शाळा वाढल्या, स्वतंत्र चर्चची मागणी पुढे आली आणि त्यातून राष्ट्रीय जाणीव आकाराला आली.

कोप्रिवश्तित्सा तेव्हा चांगलं सधन होतं. मेंढ्या, लोकर आणि जाड्याभरड्या लोकरी कापडाच्या व्यापारातून इथे पैसा आला होता. इथले व्यापारी इस्तंबूल आणि इजिप्तपर्यंत जात. मुलं शिकत होती, बाहेरचं जग पाहत होती. लेखक आणि क्रांतिकारक ल्युबेन काराव्हेलोव्ह याच गावचे.

क्रांतीची गुप्त जाळी गावोगावी विणली ती वासिल लेव्हस्की यांनी. १८७३ मध्ये त्यांना सोफियात फाशी देण्यात आली, पण समित्या पूर्णपणे संपल्या नाहीत. १८७५ च्या अखेरीस रुमानियातल्या ज्युर्जू शहरात जमलेल्या क्रांतिकारकांनी पुढच्या वसंतात उठाव करायचं ठरवलं. त्यासाठी देशाचे चार क्रांतिकारी विभाग पाडले. प्लोव्हदिव्ह भागाच्या विभागाचं केंद्र पुढे पानाग्युरिश्ते या गावी आलं. कोप्रिवश्तित्सा याच विभागात होतं आणि विभागाचे प्रमुख नेते गेओर्गी बेनकोव्स्की मूळचे कोप्रिवश्तित्साचेच होते.

तारीख १ मे ठरली होती, मग एप्रिलमध्ये काय झालं?

एप्रिलच्या मध्यावर पानाग्युरिश्तेजवळच्या ओबोरिश्ते या रानातल्या जागी साठहून अधिक प्रतिनिधी जमले. उठावाची तारीख ठरली १ मे. पण त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली: कट फुटला, तर तारखेची वाट न पाहता लगेच उठायचं.

कट फुटलाच. बैठकीला आलेल्या एका प्रतिनिधीने अधिकाऱ्यांना खबर दिली. कोप्रिवश्तित्साच्या समितीचे प्रमुख तोदोर काब्लेश्कोव्ह यांना पकडायला प्लोव्हदिव्हहून नेजिब आगा हा अधिकारी शिपाई घेऊन गावात आला.

काब्लेश्कोव्ह तेव्हा २५ वर्षांचे होते. इस्तंबूलमध्ये शिकलेले, काही काळ बेलोव्होच्या रेल्वे स्टेशनवर स्टेशनमास्तर राहिलेले. अटक होऊ द्यायची की ११ दिवस आधीच, अर्ध्या तयारीनिशी उठायचं, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यांनी दुसरा पर्याय निवडला. २० एप्रिलला चर्चच्या घंटा वाजल्या, उठावकऱ्यांनी सरकारी कचेरीवर हल्ला केला आणि गेओर्गी तिहानेक या उठावकऱ्याने पुलावर पहिली गोळी झाडली. गाव उठावकऱ्यांच्या ताब्यात आलं.

'रक्ताचं पत्र' म्हणजे काय?

कोप्रिवश्तित्सा एकटं लढू शकणार नव्हतं. बाकीच्या गावांना कळवणं गरजेचं होतं. काब्लेश्कोव्ह यांनी लगेच पानाग्युरिश्तेला पत्र लिहिलं: इथे सुरुवात झाली आहे, आता तुम्हीही उठा. मारल्या गेलेल्या ऑटोमन माणसाच्या रक्ताने त्यांनी पत्रावर क्रुसाची खूण केली. म्हणून बल्गेरियाच्या इतिहासात ते 'रक्ताचं पत्र' म्हणून ओळखलं जातं.

घोडेस्वार ते घेऊन पानाग्युरिश्तेला पोहोचला आणि त्याच दिवशी बेनकोव्स्की यांनी तिथे उठाव जाहीर केला. गावातल्या तरुण शिक्षिका रायना पोपगेओर्गिएव्हा यांनी उठावाचा झेंडा शिवला होता. त्यावर सिंहाचं चित्र आणि 'स्वातंत्र्य किंवा मृत्यू' हे शब्द होते. बल्गेरियन लोक त्यांना आजही 'राणी रायना' या अर्थाच्या नावाने ओळखतात.

तारखांचा गोंधळ का होतो?

त्या काळी बल्गेरियन लोक जुनी ज्युलियन दिनदर्शिका वापरत. ती आजच्या दिनदर्शिकेपेक्षा एकोणिसाव्या शतकात १२ दिवस मागे होती. म्हणून २० एप्रिल म्हणजे आजच्या हिशेबाने २ मे. नाव 'एप्रिल उठाव', पण वर्धापनदिन मे महिन्यात, तो यामुळेच.

उठाव का फसला?

माणसं होती, शस्त्रं नव्हती. चेरीच्या झाडांचे बुंधे पोखरून उठावकऱ्यांनी तोफा बनवल्या होत्या, त्या फारशा उपयोगी पडल्या नाहीत. घाईत सुरुवात झाल्यामुळे बाकीचे विभाग तयार नव्हते. काही ठिकाणी थोडीफार चकमक झाली, व्रात्सा विभाग तर उठलाच नाही.

समोर नियमित सैन्य होतं आणि सोबत 'बाशीबाझूक', म्हणजे पगाराऐवजी लुटीवर जगणारे सशस्त्र गट. दहा दिवसांत पानाग्युरिश्ते पडलं. बेनकोव्स्की मे महिन्यात मारले गेले. काब्लेश्कोव्ह डोंगरात पकडले गेले आणि जूनमध्ये गाब्रोव्होच्या कोठडीत त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

उठावकऱ्यांच्या हातूनही मुस्लिम नागरिक मारले गेले. पण नंतरचा सूड कितीतरी पटींनी मोठा होता. सर्वांत भीषण प्रकार बाताक गावात घडला. चर्चमध्ये आसरा घेतलेल्या बायका-मुलांनाही सोडलं नाही. पाहणीसाठी गेलेले अमेरिकन अधिकारी युजीन शायलर यांनी एकट्या बाताकमधल्या बळींचा आकडा सुमारे ५ हजार सांगितला. नेमक्या संख्येबद्दल इतिहासकारांत आजही मतभेद आहेत.

मग कोप्रिवश्तित्सा कसं वाचलं?

ज्या गावाने आग लावली, ते स्वतः जळालं नाही. सैन्य जवळ आल्यावर गावातल्या धनिकांनी काही उठावकऱ्यांना पकडलं, शरणागती पत्करली आणि मोठी खंडणी भरून गावाची जाळपोळ टाळली. याला विश्वासघात म्हणायचं की शेकडो घरं वाचवणारा व्यवहार?

उत्तर सोपं नाही, कारण सगळे धनिक एका बाजूला नव्हते. नेंचो ओसलेकोव्ह हे इथले श्रीमंत व्यापारी. त्यांच्याकडे उठावकऱ्यांसाठी कपडे शिवले गेले आणि त्याबद्दल त्यांना फासावर जावं लागलं. त्यांचं घर आज संग्रहालय आहे. पर्यटक ज्या देखण्या घरांचे फोटो काढतात, त्यांतली अनेक घरं त्या खंडणीमुळेच उभी आहेत.

हरलेल्या उठावाने स्वातंत्र्य कसं मिळवलं?

बातम्यांमुळे. अमेरिकन पत्रकार जान्युएरियस मॅकगॅहन यांनी बाताकला जाऊन जे पाहिलं, ते लंडनच्या 'डेली न्यूज'मध्ये छापून आलं. ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी सुरुवातीला अत्याचारांच्या बातम्या उडवून लावल्या होत्या, पण लोकमत खवळलं. सप्टेंबर १८७६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी या अत्याचारांवर लिहिलेली पुस्तिका हातोहात खपली. ऑटोमन सत्तेला पाठीशी घालणं ब्रिटिश सरकारला अवघड झालं.

एप्रिल १८७७ मध्ये रशियाने युद्ध पुकारलं. यामागे रशियाचा स्वार्थही होता, पण बल्गेरियातल्या कत्तलींमुळे त्याला युरोपात उघड विरोध करणारं कोणी उरलं नव्हतं. ३ मार्च १८७८ च्या सान स्टेफानो तहाने मोठ्या बल्गेरियाला मान्यता मिळाली. हा दिवस आज तिथला राष्ट्रीय दिन आहे.

मात्र काही महिन्यांतच बर्लिन परिषदेत बड्या सत्तांनी त्या बल्गेरियाचे तुकडे केले. गंमत म्हणजे 'रक्ताचं पत्र' मिळताच उठलेलं पानाग्युरिश्ते नव्या बल्गेरियात आलंच नाही. ते सुलतानाच्या अखत्यारीतल्या पूर्व रुमेलिया प्रांतात राहिलं. १८८५ मध्ये हा प्रांत बल्गेरियाला जोडला गेला आणि १९०८ मध्ये बल्गेरियाने पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं.

आज तिथे काय होतं?

दरवर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला कोप्रिवश्तित्सात उठावाचे प्रसंग पुन्हा उभे केले जातात. जुन्या वेशातले लोक रस्त्यावर उतरतात, घंटा वाजतात, पुलावर बंदूक कडाडते. काब्लेश्कोव्ह यांचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे.

काब्लेश्कोव्ह यांच्या हयातीत त्यांच्या उठावाचा हिशेब पराभवाचाच होता. बल्गेरिया मोकळा झालेला त्यांनी पाहिला नाही, बाताकची किंमत कुणी मोजली तेही विसरता येत नाही. पण त्या दिवशी या डोंगरी गावाने वाट पाहिली असती, तर अटकसत्रात कट तिथेच संपण्याची शक्यता मोठी होती. बल्गेरियात हा हरलेला उठाव विजयासारखा साजरा होतो, तो म्हणूनच.