आरणीच्या चाव्या

वेदाजीपंतांनी आरणीच्या किल्ल्याच्या चाव्या हळदीकुंकू लावून ताटात ठेवल्या आणि ते ताट महाराजांपुढे धरलं, असं आजी सांगायची. इतिहासाच्या पुस्तकांत ते ताट नाही. शहाजीराजांच्या काळापासून आरणी सांभाळणारे वेदाजीपंत, म्हणजे वेदो भास्कर, १६७७च्या कर्नाटक स्वारीत शिवाजी महाराजांना सामोरे गेले, चाव्या स्वाधीन केल्या आणि महाराजांनी त्यांनाच तिथे कायम केलं, इतका मजकूर मात्र सापडतो.

आरणी आज तमिळनाडूच्या तिरुवण्णामलै जिल्ह्यात आहे, कमंडल नदीकाठी. विजापूरच्या फौजेबरोबर शहाजीराजे दक्षिणेत उतरले, त्यांच्या मागोमाग आलेल्या वेदाजीपंतांच्या देशस्थ ब्राह्मण घराण्याकडे आरणीची जहागीर पिढ्यान्‌पिढ्या राहिली. विजापूर गेलं, मोगल आले, मग अर्काटचा नवाब, शेवटी कंपनी सरकार. प्रत्येक नव्या धन्याकडून जुना हक्क मान्य करून घ्यायचा, ठरलेली पेशकश, म्हणजे खंडणी, भरायची, हाच जहागिरीच्या टिकावाचा मार्ग होता.

आमचे पणजोबा जहागिरीच्या कचेरीत कारकून. त्यामुळे आजीचं सारं बालपण आरणीजवळच्या सत्यविजयनगरात गेलं. उत्तरादी मठाच्या सत्यविजयतीर्थांचं वृंदावन, म्हणजे समाधी, तिथे आहे, गावाचं नावही त्यांचंच. पहाटे ओलेत्याने प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका, घरात मराठी, दारावर तमिळ, सोवळ्यातल्या स्वयंपाकाला आरणीचाच तांदूळ, हे ती इतक्या बारकाईने सांगायची की आम्हा मुलांना वाफेचा वास यायचा.

लढायांच्या गोष्टी तिला तिच्या आजीकडून मिळालेल्या. १७५१ साली इंग्रजांच्या क्लाइव्हने मुरारराव घोरपड्यांच्या स्वारांना हाताशी धरून आरणीजवळ फ्रेंचांचा आणि त्यांच्या बाजूच्या रझासाहेबाचा पराभव केला. १७८२ मध्ये इथेच म्हैसूरचा हैदरअली आणि इंग्रज सेनापती आयर कूट समोरासमोर आले. आजीच्या गोष्टीत या सेनापतींची नावं नसत. "फौज आली की आधी भात दडवायचा, दागिने मग," एवढं एक वाक्य ती प्रत्येक वेळी सांगायची. दागिन्यांवाचून वर्ष निघतं, बियाण्याचा भात गेला तर पुढचं पीकही जातं.

मला या वाक्यात जहागिरीचा खरा इतिहास दिसतो. सनदा, पेशकशी, वाडे, हे सगळं त्या भातावर चालत होतं, आणि तो पिकवणारी तमिळ कुळं आमच्या घरच्या गोष्टींत जवळजवळ येतच नाहीत. मद्रास सरकारच्या १९४८च्या कायद्याने अशा इस्टेटी संपवून रयतवारी आणली. आजीच्या घरच्यांना त्याचं दुःख झालं. कसणाऱ्याचं नाव जमिनीला लागावं, हे मात्र न्यायाचंच होतं.

तमिळनाडूत, कर्नाटकात ज्यांची अशी जुनी मराठी घरं आहेत, त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या गोष्टी आत्ताच लिहून घ्याव्यात. आणि लिहिताना त्यांना हेही विचारावं, की आपली शेतं कोण कसत होतं आणि त्यांची नावं काय होती.